भूल उतरवणारी बाई

बिदरमध्ये माझ्या नावाची पाटी कुठंच नाही. स्वतःचा दवाखाना नाही, मग पाटी कशाला? माझा दवाखाना म्हणजे गाडीच्या मागच्या सीटवर ठेवलेली एक पत्र्याची पेटी. भालकी, हुमनाबाद, बसवकल्याण, आळंद, जिथून फोन येईल तिथं ती पेटी घेऊन जायचं, दुसऱ्या डॉक्टरच्या पेशंटला भूल द्यायची, त्याला नीट उठवायचं आणि परत यायचं. सगळी कारकीर्द अशी रस्त्यावर गेली. मन्नाएखेळ्ळीच्या ज्या हॉटेलात मी चहाला थांबते, तिथल्या मालकाचा कित्येक वर्षं असा समज होता की मी शाळा तपासणारी बाई आहे. एकदा त्यानं त्याच्या मुलाच्या बदलीचा अर्जही माझ्यापुढे ठेवला होता.

पेशंटला ऑपरेशन करणाऱ्याचं नाव जन्मभर लक्षात राहतं. भूल देणाऱ्याचा चेहरा मात्र तो बघतो न बघतो तोच त्याला झोप लागते. ह्याचं मला तरुणपणी वाईट वाटायचं. आता वाटत नाही. उलट, ज्याला मी आठवत नाही त्याचं सगळं सुरळीत पार पडलं, असा हिशेब मी मनाशी बांधून ठेवलाय.

आमचा धंदा बाहेरच्यांना कसा वाटतो? सुई टोचली, माणूस झोपला, संपलं. झोपवणं खरं तर अर्धंच काम. मोठ्या ऑपरेशनात आम्ही दोन वेगवेगळी औषधं देतो. एकानं झोप येते. दुसऱ्यानं स्नायू लुळे पडतात. हात, पाय, जबडा, सगळं ढिलं. त्याच लुळेपणात श्वास घेणारे स्नायूही येतात. म्हणजे ते औषध दिल्या क्षणापासून पेशंट श्वास घेत नाही, त्याच्यासाठी मी घेते. तोंडावर मास्क धरायचा, दुसऱ्या हातानं रबरी फुगा दाबायचा, छाती वर येताना बघायची. आणि काम संपलं की ते लुळेपण उतरवायचं. झोप उडाली आणि लुळेपण राहिलं, तर ह्याहून भयंकर काही नाही. माणूस जागा असतो, ऐकतो, आणि त्याला पापणीही हलवता येत नाही.

उतरलं की नाही हे तपासायची आमची जुनी पद्धत आहे. पेशंटला म्हणायचं, मान उचला आणि धरून ठेवा. जो मान उशीवरून उचलून धरू शकतो, तो स्वतःचा श्वास घेऊ शकतो, असा तो हिशेब. आमच्या भागात हे एका भाषेत भागत नाही. ‘मान उचला’ म्हणून झालं की कन्नडमधून ‘तलि एत्ति’, तेही लागू पडलं नाही तर ‘सिर उठाओ अम्मा’. औरादकडचा पेशंट असेल तर तेलुगू. माझे वडील भालकीला मराठी शाळेत मास्तर होते. चार भाषा शिक, कुठं ना कुठं कामाला येतील, असं ते म्हणायचे. अर्धवट शुद्धीतल्या माणसांवर ओरडायला कामाला येतील, असं त्यांना वाटलं नसणार.

मानसोपचाराच्या डॉक्टरांकडं माझं जाणं सुरू झालं ते शिवानंदमुळं. डॉ. शिवानंद माझ्यापेक्षा बरेच लहान, घरची भाषा कन्नड, मला ‘अक्का’ म्हणतात. बिदरला त्यांचं छोटं नर्सिंग होम आहे. तिथं काही पेशंटना विजेचे उपचार देतात, ज्याला लोक ‘शॉक’ किंवा ‘करंट’ म्हणतात. नाव काढलं की माणसं घाबरतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. मी कलबुर्गीला शिकत असताना हा उपचार भूल न देता होताना पाहिलेला आहे. चौघांनी हातपाय दाबून धरायचे, दातांत रबर द्यायचं आणि बटण दाबायचं. शरीराला असा झटका यायचा की कधी मणका चेपायचा, कधी खांदा निखळायचा. मी भिंतीला टेकून उभी होते. शिकाऊ मुलीनं काय बोलायचं? पण त्या खोलीतला आवाज अजून कानात आहे.

आता ते कायद्यानंच बंद आहे. आता पेशंटला झोपवतात, लुळं करतात, मगच वीज देतात. विजेनं फेफरं यावं हाच उपचार; ते मेंदूत येतं, शरीर शांत राहतं. आम्ही एका पायाच्या घोट्यावर बीपीचा पट्टा आवळतो, म्हणजे लुळं करणारं औषध त्या पावलात शिरत नाही. बाकी सगळं अंग निपचित, आणि ते एकच पाऊल थडथड हलत असतं. त्यावरून कळतं की फेफरं आलं आणि केव्हा थांबलं. मग पेशंटचा श्वास परत आणायचा. उपचार मिनिटाभराचा, त्याच्या पुढचं-मागचं सगळं माझं.

ह्यासाठी आम्ही स्कोलीन नावाचं औषध वापरतो. झटकन चढतं, काही मिनिटांत आपोआप उतरतं. उतरवायला वेगळं औषध लागत नाही. रक्तातच एक द्रव्य असतं, ते स्कोलीनला खाऊन टाकतं. आणि ज्याच्या रक्तात ते द्रव्यच नसेल? पुस्तकात वाचलेलं होतं. प्रत्यक्ष भेटले ते नरसय्या सेठ.

औरादजवळ किराणा दुकान, घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि डॉक्टरांशी दख्खनी. मोठा गप्पिष्ट माणूस, पण पत्नी गेल्यावर उदासीनं पार आत ओढून नेला होता. त्यांना स्कोलीन दिलं, उपचार झाला, पाऊल थांबलं. पुढं सेठ काही श्वास घेईनात. मी फुगा दाबत राहिले. एस्तर सिस्टर, शिवानंदकडची जुनी नर्स, माझ्याकडं बघायली, मी मॉनिटरकडं. थोड्या वेळानं मला उमगलं की हे उतरणारं नाही, निदान लवकर तरी नाही. आणि ह्याला तोडगा म्हणून देण्यासारखं औषध नसतं. एकच करायचं असतं: त्यांना झोपेतच ठेवायचं आणि श्वास देत राहायचं. ऑक्सिजनचा सिलेंडर बदलला. माझा हात आखडला की सिस्टर फुगा दाबायची, तिचा आखडला की मी. दुपार कलायला लागली तेव्हा कुठं सेठचं पोट जरासं हललं, मग छाती, आणि मग त्यांनी खोकून माझ्या हाताला जोराचा हिसडा दिला. इतका गोड हिसडा मला कुणी दिलेला नाही.

बाहेर त्यांचे भाऊ बसले होते. त्यांना सगळं सांगितलं, तर ते सहज म्हणाले, “हमारे चाचा कू भी ऐसाच हुआ था. हर्निया के टाइम पे.”

“मग हे आधी का नाही सांगितलं?”

“कोई पूछेच नहीं ना अम्मा.”

खरंच होतं. आमच्याकडं नात्यात लग्नं फार, मामाची मुलगी, कुठं तर मामा-भाचीही. अशी उणीव आईकडून आणि बापाकडून दोन्हीकडून येते. तेव्हापासून मी प्रत्येक पेशंटच्या माणसांना विचारते, तुमच्या घरात भूल दिल्यावर कुणाला उठायला उशीर झाला होता का? सेठना एक कार्ड लिहून दिलं, ‘ह्यांना स्कोलीन देऊ नये’. त्यांनी ते लॅमिनेट करून दुकानात देवाच्या फोटोशेजारी लावलं. गिऱ्हाइकं वाचून विचारतात, स्कोलीन म्हणजे काय आणि ते तुमच्याकडं मिळतं का.

त्यांचे पुढचे उपचार दुसऱ्या जातीच्या औषधावर केले. ते सावकाश उतरतं, आणि उतरवायला आणखी दोन औषधं टोचावी लागतात. सेठ बरे व्हायला लागल्याची पहिली खूण म्हणजे त्यांची तक्रार: “बाकी लोगां आते, दस मिनिट में उठ के जाते. मेरेकुच इत्ता टाइम कायकू?”

त्या प्रसंगानंतर मी एक यंत्र विकत घेतलं. मुठीत मावेल एवढं. दोन तारा मनगटाला चिकटवायच्या, बटण दाबलं की हलकी वीज जाते आणि अंगठा चार वेळा उडतो. स्नायू पूर्ण लुळे असतील तर अंगठा उडतच नाही. औषध उतरायला लागलं की एकदा, दोनदा, आणि शेवटी चारही वेळा सारख्याच जोरानं. पेशंटला काही विचारायला नको, अंगठाच सांगतो. मोठ्या शहरांत ते नवं नव्हतं, पण आमच्या पट्ट्यात सर्रास दिसत नव्हतं. एक सर्जन मला चिडवायचे, “म्याडम, माणूस हलायलाय ते डोळ्यांनी दिसंना व्हय तुम्हाला?” मी हसून सोडून द्यायची. ते यंत्र खऱ्या अर्थानं कामाला आलं ते सुरेखाच्या वेळी.

सुरेखा हुलसूरकडच्या एका खेड्यातली. धनगराचं घर. आजोबांपर्यंत मेंढरं, आता थोडी शेती आणि बाकी मजुरी. नवरा बिरप्पा पुण्याला गाडी चालवायचा. तिला मुलगी झाली, आणि नंतर काही आठवड्यांतच ती गप्प व्हायला लागली. मी तिला पाहिलं तेव्हा ती पलंगावर एका कुशीला होती, गुडघे पोटाशी, डोळे उघडे आणि कुठंच न बघणारे. शिवानंदनी तिचा हात उचलून सोडला. हात तसाच हवेत राहिला. जणू तो तिचा नव्हताच.

शेजारी तिची सासू, कोंडाबाई. काटक, उंच, कपाळावर मोठं गोंदण.

“आदी बोलनं सोडलं, मंग खानं,” ती म्हणाली. “चमच्या-चमच्यानं पेज पाजायले म्या. आता पानी सुदिक गिळंना गेली. गावात म्हनायलेत, हिला माहेरला टाकून ये. कामून टाकू? माज्या घरात आल्यावर झालंय ना हे?”

तिनं सुनेला टाकलं नव्हतं. दिवसरात्र तिची कूस बदलून देत होती, तरी माकडहाडाजवळ जखम झालीच होती. पाय काटकीसारखे झालेले. गोळ्या-इंजेक्शनांचा उपयोग झाला नव्हता. नाकातून नळी घालून पातळ अन्न चालू होतं.

शिवानंद मला बाहेर घेऊन आले. “अक्का, ही बाई अशी फार दिवस टिकत नाही हो. विजेचा उपचार केला तर हमखास उठणारी केस आहे. उद्याच सुरू करू.”

“स्कोलीन देता येणार नाही,” मी म्हटलं.

“का? घरी कुणाला काही झालंय?”

“नाही. तिचे पाय बघा.”

कित्येक आठवडे न हललेले स्नायू स्कोलीन मिळालं की रक्तात एकदम पोटॅशियम ओततात, आणि पोटॅशियम चढलं की हृदय थांबतं. हे काही माझं मोठं संशोधन नव्हे, भूल शिकणाऱ्या प्रत्येकाला परीक्षेत विचारतात. पण घाईत विसरतं माणूस. शिवानंदनी ते लगेच मानलं. मग दुसरा मार्ग म्हणजे रोक्युरोनियम. त्यानं पोटॅशियम वाढत नाही, पण ते अर्धा-पाऊण तास उतरत नाही. आणि आमचा उपचार तर मिनिटाभराचा. नरसय्या सेठना दिलं होतं ते जुनं उतरवायचं औषध, लुळं करणाऱ्या औषधाचा जोर आपोआप थोडा ओसरल्यावरच काम करतं, तोवर ताटकळावं लागतं. एवढ्या खंगलेल्या मुलीला दर खेपेला तितका वेळ भुलेत ठेवायला माझं मन घेईना.

ह्याला एक नवं औषध निघालेलं होतं, सुगामाडेक्स. ते रोक्युरोनियमला रक्तातच गाठतं आणि स्वतःच्या पोटात कोंडून टाकतं, मग ते कितीही जोरात असू दे. मी ते वाचलं होतं, एका परिषदेत बघितलं होतं, हातानं कधी दिलं नव्हतं. बिदरच्या एकाही दुकानात ते नव्हतं. आमच्या नेहमीच्या औषधवाल्यानं हैदराबादहून बसनं मागवलं.

“ते आल्याशिवाय मी सुई लावणार नाही,” मी शिवानंदना सांगितलं. त्यांना एकेक तास जड होता, पण त्यांनी वाद घातला नाही.

तेवढ्या वेळात मी कोंडाबाईजवळ बसले. बिरप्पा पुण्याहून आला होता, पण विचारायचं ते सगळं तीच विचारत होती.

“तुमी बेहोशीच्या डाक्टर व्हय? मंग करंट कोन देनार?”

“ते शिवानंद डॉक्टर. मी तिला झोपवणार, अंग लुळं करणार आणि परत उठवणार.”

“लुळीच हाय की ती. आनखी काय लुळं करतावं?”

मी तिला समजावलं. हिचं अंग लुळं नाही, अडकलेलं आहे. मी सोडते ते औषध सगळ्या स्नायूंत जाऊन बसतं. दुसरं औषध जाऊन त्याला पकडतं, मेंढरं वाघरीत कोंडावीत तसं. वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावायचं जाळं. तिचा प्रश्न तयार होता.

“आन् येक-दोन मेंढरं भाईर राहिली तर?”

मी खूश झाले. एवढा नेमका प्रश्न मला कुठल्याच नातेवाइकानं विचारला नव्हता. मी पेटीतून यंत्र काढलं. म्हटलं, बाहेर किती राहिली ते हे सांगतं. तिनं हात पुढं केला.

“आदी मला लावा. माज्या सुनेला काय लावनार ते मला कळू द्या.”

मी तिच्या मनगटाला तारा चिकटवल्या, बटण दाबलं. अंगठा चार वेळा उडाला. “आगं माय!” ती ओरडली, आणि स्वतःच्या अंगठ्याकडं बघत राहिली. “मुंगळा चावल्यावानी करायलंय. बरं. हे चालंल.” मग तिनं बिरप्पालाही लावायला लावलं. तो जास्त जोरात ओरडला.

दुसऱ्या सकाळी औषध आलं. सुरेखाला टेबलावर घेतलं. मी सगळं दोनदा तपासलं, कारण ह्या पेशंटच्या बाबतीत माझी जुनी पद्धत निकामी होती. ‘मान उचल’ म्हणून काय उपयोग? जी मुलगी औषध नसतानाही सांगितलेलं काही करत नव्हती, ती औषध उतरल्यावर कुठून करणार? मला बघायला तिचा अंगठाच होता.

झोपेचं औषध दिलं, मग रोक्युरोनियम. अंगठा चार वेळा उडाला, मग तीन, मग एकदाच, आणि मग स्तब्ध. कित्येक आठवड्यांनी तिचे गुडघे पहिल्यांदा सैल पडले. एस्तर सिस्टरनं ते हळूच सरळ केले आणि कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटली, प्रार्थना असावी. मी जोरजोरानं फुगा दाबून सुरेखाला भरपूर ऑक्सिजन दिला. शिवानंदनी बटण दाबलं. उजवं पाऊल थरथरायला लागलं, आधी बारीक, मग ठोके पडल्यासारखं. हळूहळू मंद होत थांबलं.

“चांगलं आलं,” शिवानंद म्हणाले. “अक्का, आता तुम्ही.”

मी सुगामाडेक्स सोडलं. अंगठ्याकडं डोळे लावून बसले. पुस्तकात लिहिलं होतं तसंच झालं, पण पुस्तकात वाचणं वेगळं. आत्ता काहीच नव्हतं, आणि बघता बघता एकदा, दोनदा, चारदा. चारही ठोके खणखणीत, पहिल्यासारखा चौथा. मी मास्क जरा सैल केला आणि तिच्या श्वासाची वाट बघायला लागले.

श्वास आला नाही.

फुगा दाबला की छाती वर यायची, सोडला की खाली, आणि मग काहीच नाही. शिवानंदचा चेहरा उतरला. नरसय्या सेठच्या वेळी तेही त्याच खोलीत होते.

“औषधानं काम केलं नाही काय? अजून एक बाटली आहे. देऊन टाका अक्का.”

सिस्टरनं बाटली हातात घेतलीसुद्धा. मला मोह झाला, खोटं कशाला बोलू? हातात औषध असताना नुसतं बसणं ही आमच्या धंद्यातली सगळ्यात अवघड गोष्ट आहे. मी परत बटण दाबलं. अंगठा चार वेळा उडाला, तस्साच जोरात.

“नको,” मी म्हटलं. “ती लुळी नाही. लुळेपण गेलंय.”

“मग श्वास का घेईना?”

“कारण तिला अजून गरज वाटत नाही. मीच जास्त दिलेत.”

उपचाराआधी मी फुगा इतका दाबला होता की तिच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड पार धुऊन निघाला होता. तो साठल्याशिवाय मेंदू ‘श्वास घे’ असा हुकूम सोडत नाही. त्यात झोपेचं औषध होतं, वर फेफऱ्यानंतरची गुंगी. हे सगळं मला माहीत होतं. पण समोर बाळंतीण मुलगी निपचित पडलेली आणि दारापलीकडं तिची सासू, अशा वेळी माहीत असलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवायला जीव गोळा करावा लागतो. मी फुगा अगदी सावकाश दाबायला लागले. ऑक्सिजनचा आकडा चांगला होता. सिस्टरला म्हटलं, बाटली खाली ठेव, गोंधळ करू नको, तिच्या पोटावर नुसता हात ठेव.

मी फुगा दाबला, सोडला, थांबले, परत दाबला.

“हललं,” सिस्टर म्हणाली. “म्याडम, हललं!”

एक उथळ श्वास. मग थांबा. मग दुसरा, जरा मोठा. मग एका लयीत सुरू झाले, तिचे तिचे. शिवानंद स्टुलावर खाली बसले. मी दोन्ही हातांनी तिचा जबडा धरून उभी होते, आणि मला आठवतं, मी हसत होते. मला माझ्या विद्येचा त्या दिवशी जितका अभिमान वाटला तितका पदवी घेतानाही वाटला नव्हता. न दिलेल्या औषधाचा अभिमान कुणाला सांगून पटणार? शिवानंदना पटला, तेवढं पुरे.

डोळे उघडल्यावर ती तशीच होती, कुठंच न बघणारी. ते अपेक्षित होतं. एका उपचारानं कुणी उठत नाही. दिवसाआड उपचार चालले. मी दर वेळी बसवकल्याणचं नाहीतर हुमनाबादचं काम पुढंमागं करून यायची. दुसऱ्यानंतर तिनं कोंडाबाईच्या हातून पाणी गिळलं. त्याच्या पुढच्या खेपेला नळी निघाली. नंतर एकदा औषध उतरवल्यावर, निव्वळ सवयीनं, माझ्या तोंडून निघून गेलं: “मान उचल गं, सुरेखा.”

आणि तिनं उचलली. थरथरत, पण उचलली आणि धरून ठेवली. मी ‘आता ठेव’ म्हणायचं विसरले. सिस्टरनंच म्हटलं, “म्याडम, बस करा, दमली ती.”

त्या आठवड्यात ती बोलायला लागली. आवाज फुटका, एकेक शब्द. उपचाराच्या दिवसांतलं तिला फारसं आठवत नव्हतं, पण घरी पडून होती तेव्हाचं बरंच ध्यानात होतं. कोण येऊन काय बोललं, कोण म्हणालं ‘आता हिचं काय खरं न्हाई’, दुसरं लग्न करून टाक असं बिरप्पाला कुणी सांगितलं, आणि त्यावर कोंडाबाईनं त्या माणसाला कोणती शिवी दिली.

“सगळं ऐकू यायचं,” ती मला म्हणाली. “जीभ उचलंना जायची. कुनीतरी वरून धोंडा ठेवल्यावानी.”

लोकांना लुळं करणं आणि सोडवणं हा माझा रोजचा धंदा. पण माझ्या पेशंटना मी आधी झोपवते. ही मुलगी जागेपणी त्यात आठवडेच्या आठवडे पडून होती.

शिवानंदनी आणखी दोन-तीन उपचार ठरवले होते, बरं वाटलं म्हणून मध्येच थांबलं की आजार उलटतो म्हणून. त्या दिवशी सुरेखा आपल्या पायांनी चालत आली, काठी न घेता, आणि स्वतः टेबलावर चढून बसली. मी सलाइनची सुई लावली, औषधं सिरिंजमध्ये भरून ट्रेमध्ये मांडली. ती आजारी होती तोवर तिच्या वतीनं बिरप्पानं संमती दिलेली होती. आता ती शुद्धीवर होती, तेव्हा विचारायचं तिलाच. शिवानंदनी विचारलं, आज उपचार करू का.

“न्हाई,” सुरेखा म्हणाली.

शिवानंदना वाटलं तिला प्रश्न कळला नाही. त्यांनी समजावून सांगितलं, थांबलं तर काय होऊ शकतं, गोळ्या किती दिवस घ्याव्या लागतील. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं.

“गोळ्या घेते. सांगाल तितके दिस घेते. पन आता हे नको. मला घरला जायाचंय. माजं लेकरू चुलतीपाशी हाय, तिलाच माय समजायलंय म्हनं.”

शिवानंदनी माझ्याकडं बघितलं. ते ठरवणं माझं काम नव्हे. पण सुई काढायला मी कापूस घेतला होता हातात. त्यांच्या लक्षात आलं असावं. ते म्हणाले, “ठीक आहे. दर आठवड्याला दाखवायला यायचं. चुकायचं नाही.”

“येते.”

मी तिच्या मनगटातली सुई काढली, कापूस दाबून धरायला सांगितला. ती टेबलावरून उतरली आणि दार उघडून बाहेर गेली. बाहेर कोंडाबाईचा घाबरलेला आवाज आला, “काय झालं? इतक्यात कामून आलीस?” आणि मग सुरेखाचा, “काय न्हाई आत्या. चल, घरला जाऊ.”

ती दर आठवड्याला आली, मग दर महिन्याला. गोळ्यांवर टिकली. बिरप्पानं पुणं सोडलं, आता हुलसूर-बसवकल्याण टमटम चालवतो. मुलगी अंगणवाडीत जाते, आणि शिवानंद सांगतात, एवढी बडबडी आहे की आईच्या तपासणीत आईला बोलू देत नाही.

सुरेखा नको म्हणून घरी गेली त्या दिवसाचं एक सांगायचं राहिलं. भरलेलं औषध फेकून द्यायला मला फार जिवावर येतं. केस रद्द झाली की मी सहसा चिडलेली असते, ताप निघाला, वीज गेली, पेशंट पोहे खाऊन आला. एस्तर सिस्टर सांगते, त्या दिवशी मी एकेक सिरिंज सिंकमध्ये रिकामी करत होते आणि मोठ्यानं गाणं म्हणत होते. माझा आवाज वाईट आहे, हेही ती सांगते.